ओकवाला कोल्बे

ओक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडाच्या आधी आडनाव येतं. शिवाजी पार्कात किंवा सदाशिव पेठेत एखाद्या दारावर दिसणारी पाटी. झाड म्हणून ओकशी आपली ओळख पुस्तकातलीच. आपले म्हातारे वृक्ष म्हणजे वड, पिंपळ, चिंच. जर्मनीत मात्र हा मान ओकचा. तिथल्या एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर आजही ओकची डहाळी असते.

या एका झाडाच्या मागे एक माणूस जवळपास चाळीस वर्षं लागला होता. कार्ल विल्हेल्म कोल्बे त्याचं नाव. जन्म १७५९ मध्ये बर्लिनला, मृत्यू १८३५ मध्ये डेसाऊ नावाच्या छोट्याशा संस्थानी गावात. त्यानं आयुष्यात तीनशेच्या आसपास एचिंग्ज केली. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेखाटून कागदावर छापलेली काळी-पांढरी चित्रं. त्यात ओक इतके, की त्याला टोपणनावच पडलं, ‘आयशन-कोल्बे’. आयशन म्हणजे ओकची झाडं. मराठीत सांगायचं तर ओकवाला कोल्बे.

त्याची चित्रं आज नेटवर सहज बघायला मिळतात. हातात धरून बघता येतील एवढ्याच आकाराची. रंग नाही, गोष्ट नाही, कुणी राजा-राणी नाही. मधोमध एक जुनाट ओक. बुंधा पोकळ झालेला, साल भेगाळलेली, एक मोठी फांदी कधीच्या काळी मोडून पडलेली. वरचा शेंडा वाळलेला, पण बाजूच्या फांद्यांवर दाट पालवी. खाली कुठेतरी एखादा गुराखी किंवा वाटसरू, नखाएवढा. पहिल्या नजरेत ‘हं, झाड आहे’ म्हणून आपण पुढे जातो. नीट बघितलं, की लक्षात येतं, यातलं एकही पान नुसतं गिरवून टाकलेलं नाही.

आधी फ्रेंचचा मास्तर

कोल्बेची स्टोरी वीस-बावीसच्या वयात वाचण्यासारखी आहे, कारण त्या वयात तो चित्रकार नव्हताच. आई फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांच्या वंशातली, त्यामुळे फ्रेंच घरचीच. शिक्षणही बर्लिनच्या फ्रेंच शाळेत. या भाषेच्या जोरावर त्याला डेसाऊला नोकरी मिळाली, ती ‘फिलांथ्रोपिनम’ या शाळेत फ्रेंच शिकवायची.

ही शाळा म्हणजे त्या काळातला एक भन्नाट प्रयोग होता. योहान बेर्नहार्ड बासेडो या शिक्षणतज्ज्ञानं ती १७७४ मध्ये सुरू केली. घोकंपट्टी कमी, खेळ आणि व्यायाम जास्त, भाषा शिकायची ती बोलून. युरोपभर तिची चर्चा झाली, तरी ती टिकली नाही. १७९३ मध्ये बंद पडली. पण तोवर कोल्बेला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक पेशा आणि एक जंगल.

डेसाऊ वसलंय एल्बे आणि मुल्डे या दोन नद्यांच्या संगमाजवळ. नदीकाठी पुराच्या पाण्यावर पोसलेली कुरणं आणि त्या कुरणांमध्ये सुटे सुटे उभे असलेले प्रचंड ओक. दाट जंगलातलं झाड उजेडासाठी सरळसोट वर जातं. मोकळ्यावर वाढलेल्या ओकला स्पर्धा नसते, तो आडवा पसरतो, जाडजूड होतो, वेडावाकडा वळतो. गावकरी या झाडांखाली गुरं-डुकरं चारायचे, ओकची फळं म्हणजे डुकरांची मेजवानी. कोल्बे मोकळ्या वेळात तिथे तासन् तास हिंडायचा.

चित्रं काढायचा, पण हौसेपुरती. ती बर्लिनच्या दानिएल खोदोवीत्स्की या त्या काळच्या नामांकित एचिंगकारानं पाहिली आणि त्याला चित्रकलेकडे वळायचा सल्ला दिला. कोल्बे तेव्हा तिशीच्या आसपास होता. म्हणजे ज्या वयात घरचे ‘आता सेटल हो’ म्हणतात, त्या वयात हा बर्लिनच्या कला अकादमीत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. नंतर डेसाऊला परतला, शिकवत राहिला, आणि उरलेलं आयुष्य पत्र्यावर झाडं कोरत राहिला. १८२५ मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं. त्यात आपल्याला कलावंत कुणी केलं याचं श्रेय त्यानं झाडांना दिलंय.

तिशीत सुरुवात केल्याचा तोटाही झाला. मानवी शरीर रेखाटण्याचा जो सराव चित्रकार पोरवयापासून करतात, तो त्याचा राहून गेला. त्याच्या चित्रांतली माणसं कधी कधी जरा अवघडलेली वाटतात ती बघा. झाडांच्या बाबतीत मात्र समकालीनांमध्ये त्याच्या तोडीचे फार थोडे. जे जमतं त्यात खोल जायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं असावं.

मेण, काजळी आणि आम्ल

एचिंग हा प्रकार समजला, की ही चित्रं बघण्याची मजा वाढते. आधी गुळगुळीत घासलेला तांब्याचा पत्रा घ्यायचा. तो गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा. मग पेटत्या मेणबत्तीवर धरून तो काजळीनं काळा करायचा. आता या काळ्या थरावर टोकदार सुईनं रेखाटायचं. सुई जिथे जिथे फिरते, तिथे मेण खरवडलं जातं आणि खालचं तांबं चमकायला लागतं.

मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेणाखालचं तांबं सुरक्षित राहतं, उघड्या रेषा मात्र आम्ल खात जातं. जितका जास्त वेळ, तितकी रेष खोल आणि छापल्यावर तितकी गडद. त्यामुळे कलाकार पत्रा मध्येच बाहेर काढतो, दूरच्या डोंगराच्या किंवा आकाशाच्या रेषा व्हार्निश लावून बंद करतो आणि पुन्हा बुडवतो. जवळच्या बुंध्यावरची भेग सगळ्यात शेवटपर्यंत आम्लात राहते. म्हणजे चित्रातलं दूर आणि जवळ हे खरं तर घड्याळाचं गणित आहे.

शेवटी मेण पुसून पत्र्यावर शाई भरायची, वरची शाई कापडानं पुसून काढायची. रेषांच्या खाचांत राहते तेवढीच उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागदावर उमटलेलं चित्र उलटं असतं, आरशातल्यासारखं. यात ‘अनडू’ नाही. आम्ल एकदा चुकीच्या जागी शिरलं, की आठवड्यांची मेहनत वाया.

एका पत्र्यावरून बऱ्याच प्रती निघतात, त्यामुळे तैलचित्र घेणं ज्यांना शक्य नव्हतं अशा मध्यमवर्गीयांनाही एचिंग परवडायचं. ही कला आपल्याला परकी नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रिंटमेकिंग शिकवलं जातं. तिथला एखादा मित्र-मैत्रीण असेल, तर त्यांच्या बोटांवरची शाई बघून घ्या.

‘रोमँटिक’ म्हणजे लव्हस्टोरी नव्हे

कोल्बेचा काळ कलेच्या इतिहासात ‘रोमँटिक’ म्हणून ओळखला जातो. गुलाब आणि कँडललाइट डिनरशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात बुद्धिवादाचा, मोजमापाचा बोलबाला होता. त्याला उत्तर म्हणून काही कवी-चित्रकार निसर्गाकडे, भीतीकडे, एकटेपणाकडे वळले. माणूस हा सृष्टीचा मालक नसून तिच्यातला एक छोटासा जीव आहे, ही जाणीव त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येते. याच काळातला जर्मनीचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रिडरिश. त्याच्या १८२२ च्या ‘एकाकी वृक्ष’ या चित्रातही शेंडा वाळलेला एक ओक आणि त्याला टेकून उभा असलेला मेंढपाळ आहे. ते चित्र आज बर्लिनला आहे.

कोल्बेनं माणसाला लहान करण्याची स्वतःची एक युक्ती काढली. ओकच्या जोडीनं त्यानं काही विचित्र एचिंग्ज केली, त्यांना ‘वनस्पतींची पानं’ म्हटलं जातं. दलदलीत, ओढ्याकाठी उगवणारी रुंद पानांची साधी झुडपं, गवत, बोरू. पण त्यानं त्यांचा आकार एवढा वाढवला, की त्यांच्यापुढे माणसं बाहुल्यांसारखी दिसतात. एका चित्रात बोरूच्या बेटात शिरलेली एक गाय आहे, आणि भोवतालची पानं तिच्यावर मांडव घालून उभी आहेत.

यातलं सर्वांत गाजलेलं चित्र १८०१ च्या सुमाराचं. महाकाय पानांच्या गर्दीत एक जुनं दगडी थडगं, त्यापुढे एकमेकांना बिलगून उभं असलेलं एक जोडपं. थडग्यावरच्या ओळीचा आशय असा, की सुखाच्या नंदनवनातही मृत्यू आहेच. हा विषय युरोपात जुना, अनेकांनी चितारलेला. पण कोल्बेच्या चित्रात आधी लक्ष जातं ते पानांकडे. ती मात्र कुणाच्याही मरणाची दखल न घेता ताजी, रसरशीत वाढत चाललीयेत. फँटसी फिल्म्स आणि गेम्सच्या जमान्यात वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचं वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी असं काही करणारा तो जवळजवळ एकटा होता.

फ्रेंच शिकवणारा, फ्रेंच शब्दांवर चिडणारा

कोल्बेची दुसरी बाजू आणखी गमतीशीर. पोटासाठी हा माणूस फ्रेंच शिकवायचा आणि जर्मन भाषेत घुसलेल्या फ्रेंच शब्दांवर भयंकर चिडायचा. १८०६ पासून त्यानं जर्मन आणि फ्रेंच यांच्या शब्दसंपत्तीची तुलना करणारं लेखन प्रसिद्ध केलं. १८०९ मध्ये तर परकीय शब्दांच्या भेसळीवर त्याचं वेगळं पुस्तकच आलं. त्यानं काढलेली तारीखही बघा. १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी येना इथे प्रशियाचा धुव्वा उडवला होता आणि फ्रेंच सैनिक बर्लिनमध्ये होते. भाषेच्या भांडणामागे एक दुखावलेला समाज होता.

आपल्याकडे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले, ते आठवा. कोल्बे त्याच गोत्रातला. या पानावरचं आपलं ‘स्टोरी’, ‘सेटल’, ‘अनडू’ वाचून त्यानं कपाळाला हात लावला असता.

नेपोलियनच्या पराभवाच्या काळात ओक हे जर्मन राष्ट्राचं प्रतीक झालं. १८१३ मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न क्रॉस’ या लष्करी पदकावरही ओकची पानं होती. मजबूत, ताठ, अभंग असा ओक. आता कोल्बेचे ओक बघा. पोकळ, वाकलेले, फांद्या मोडलेले. देशप्रेमी असूनही त्यानं काढलेलं झाड पदकावर शोभणारं नाही. झेंड्यासाठी त्यानं झाड सरळ केलं नाही.

पोकळ झाडाचा हिशोब

याच काळात, याच देशात झाडांकडे बघण्याची आणखी एक पद्धत आकार घेत होती. लाकडाची टंचाई आणि खाणी-भट्ट्यांची भूक यातून जर्मनीत शास्त्रीय वनशास्त्र जन्माला आलं. जंगल मोजायचं, दर झाडामागे किती लाकूड निघेल याचे तक्ते करायचे, वेडंवाकडं जंगल काढून तिथे एकाच जातीची, एकाच वयाची झाडं रांगेत लावायची. हाइनरिश कोटा यांनी १८११ मध्ये थारांट इथे वनशास्त्राची शाळा आणली, पुढे ती जगप्रसिद्ध झाली. हा विचार दुष्ट नव्हता. पुढच्या पिढीला लाकूड पुरावं, हाच त्याचा हेतू होता. ‘जेवढं वाढतं तेवढंच तोडा’ हे आजच्या शाश्वत विकासाचं सूत्र याच परंपरेतून आलंय.

पण त्या तक्त्यात कोल्बेच्या ओकची किंमत किती? शून्य. बुंधा पोकळ, म्हणजे फळी निघणार नाही. खोड वाकडं, म्हणजे तुळई होणार नाही. वर जागा अडवून बसलेला. तक्त्याप्रमाणे पहिली कुऱ्हाड यालाच. कोल्बे मात्र नेमक्या याच झाडासमोर बसून त्याची भेग न् भेग कोरत होता.

हा तक्ता पुढे भारतात आला. १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक नेमला, तो जर्मन होता, डिट्रिश ब्रँडिस. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. सागवानाचे हिशोब, राखीव जंगलं, वनखात्याची घडी यांवर या मंडळींची छाप आहे. ब्रँडिसची नजर फक्त लाकडावर नव्हती हेही सांगायला हवं. लोकांनी देवाच्या नावानं राखलेल्या देवरायांची त्यानं दखल घेतली होती. पण कारभार चालला तो मुख्यतः लाकडाच्या हिशोबानं.

विज्ञानानं नंतर कोल्बेच्या झाडाच्या बाजूनं बरंच काही शोधून काढलं. पोकळ झाड म्हणजे मरायला टेकलेलं झाड, ही समजूतच मुळात अपुरी आहे. झाडाचा जिवंत भाग असतो सालीलगतच्या थरात. पाणी वर नेणारं लाकूडही बाहेरच्या बाजूलाच असतं. मधला गाभा मृत असतो. बुरशीनं तो खाल्ला तरी झाड शेकडो वर्षं जगू शकतं. शेंडा वाळणं हीसुद्धा अनेकदा म्हाताऱ्या ओकची काटकसर असते. वरपर्यंत पाणी पोचवणं जड झालं, की तो वरचा पसारा सोडून देतो आणि खालच्या फांद्यांवर नवा, आटोपशीर संसार मांडतो. कोल्बेच्या चित्रातला वाळका शेंडा आणि बाजूची दाट पालवी म्हणजे नेमकं हेच. त्याला त्याचं शास्त्र माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं बघितलं आणि तसंच काढलं.

शिवाय पोकळीत एक जग नांदतं. वटवाघळं, घुबडं, सुतारपक्षी, शेकडो प्रकारचे कीटक आणि बुरशी. ओकवर वाढणारा एक मोठा, लांब शिंगांचा भुंगेरा युरोपात दुर्मीळ झालाय. म्हातारे, ऊन खाणारे ओक हेच त्याचं घर. त्याच्या उरलेल्या आसऱ्यांपैकी एक एल्बेकाठच्या या ओकांमध्ये आहे. आज त्या परिसरात संरक्षित जैवावरण क्षेत्र आहे, आणि डेसाऊ-व्हर्लिट्सचं उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००० साली दाखल झालंय. कोल्बेच्या वेळच्या राजानं, लिओपोल्ड फ्रिडरिश फ्रान्झनं, जुने ओक राखून, कुरणांसकट अख्ख्या मुलखाचीच बाग केली होती. तक्त्यात शून्य असलेलं झाड राहिलं, म्हणून भुंगेरा राहिला.

त्याच गावचा दुसरा पोरगा

डेसाऊ हे नाव आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आर्किटेक्चर किंवा डिझाइन शिकणाऱ्यांना ते ‘बाउहाउस’मुळे माहीत असतं. ही प्रसिद्ध संस्था १९२५ ते १९३२ या काळात तिथे होती. आणि मुंबई-पुण्यात जर्मन शिकायला ज्या ‘मॅक्स म्युलर भवन’मध्ये विद्यार्थी जातात, त्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते ऋग्वेदाचे अभ्यासक मॅक्स म्युलर जन्मले डेसाऊमध्येच, १८२३ साली. त्यांची आई ‘फिलांथ्रोपिनम’ काढणाऱ्या बासेडोंची नात. वडील विल्हेल्म म्युलर कवी, त्यांच्या एका कवितेतलं लिंडेनचं झाड शूबर्टच्या संगीतामुळे जर्मन घराघरांत पोचलं. कोल्बे वारला तेव्हा मॅक्स अकरा वर्षांचा होता. छोटंसं गाव, त्यात झाडांसाठी आयुष्य दिलेला एक म्हातारा मास्तर आणि पुढे संस्कृतसाठी आयुष्य देणारा एक पोरगा एकाच वेळी राहत होते.

१८०५ ते १८०८ अशी तीन वर्षं कोल्बे झुरिकला होता. सालोमॉन गेसनर या दिवंगत स्विस कवी-चित्रकाराच्या चित्रांवरून त्यानं २५ एचिंग्ज केली. काम प्रतिष्ठेचं होतं. पण ते संपल्यावर तो परत आला तो डेसाऊलाच, त्याच कुरणांकडे.

उतारवयात, १८३० च्या आसपास, त्यानं मेलेल्या ओकची चित्रं केली. आता पालवी उरलेली नाही. उघड्याबोडक्या फांद्या अशा पिळवटलेल्या, की झाड कुणाशी तरी झटापट करतंय असं वाटावं. २००९-१० मध्ये डेसाऊ आणि झुरिकमध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन फिरलं, तेव्हा त्याच्या नावातच ‘राक्षसी झाडं’ होती. त्या चित्रांत सत्तरीतला माणूस स्वतःला बघत होता का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्लात शेवटपर्यंत राहिलेल्या त्या गडद रेषांमध्ये हात थरथरल्याची खूण मात्र शोधूनही सापडत नाही.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांच्या वेबसाइट्सवर कोल्बे हे नाव टाकलं, की त्याची चित्रं फुकट बघता येतात. मोबाइलवर नको, लॅपटॉपवर उघडा. एकच ओक निवडा आणि झूम करत बुंध्यापासून वर जा. साल कुठे संपते, शेवाळ कुठे सुरू होतं, पोकळीच्या आतला अंधार किती प्रकारच्या रेषांनी भरलाय ते बघा. पाच मिनिटं पुरेत. मग कॉलेजच्या वाटेवरचं सगळ्यात म्हातारं झाड कोणतं, ते आठवून बघा. आठवत नसेल तर उद्या जाताना मान वर करा.